नवानंतर वीस

लॅपटॉपच्या पडद्यावर मी लाल बॉलपेनने खूण केली. खरीखुरी, शाईची. मुलीने कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी लिहिलेला मजकूर मला दाखवायला समोर धरला होता. एका इंग्रजी शब्दात दोन अक्षरांची अदलाबदल झालेली दिसली, आणि माझा हात खिशाकडे कधी गेला, टोपण दातांनी कधी निघालं, मला कळलंच नाही. त्या दोन अक्षरांभोवती वळसा घालून झाला. समास सापडेना म्हणून पडद्याच्या काळ्या कडेवर, नियमाप्रमाणे, दुसरी खूणही करून झाली. मग लक्षात आलं.

"बाबा," मुलगी म्हणाली.

"पुसलं जाईल," मी म्हणालो.

"कशाने?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून चहा पीत होती. ती परळच्या एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर असते. दिवसभर बसून कंटाळते, म्हणून घरी आल्यावर पहिला चहा उभ्यानेच पिते. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला चहा संपवला.

"उद्या स्पिरिट आणि कापूस आणते," ती म्हणाली. "तोवर कोणी हात लावू नका. आणि तुम्ही विरजण लावा. काल राहिलं."

"एकदा सांगितलं की कळतं मला."

विरजण त्या दिवशीही राहिलं.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी तीस-बत्तीस वर्षं मुद्रितशोधक आहे. छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, एवढंच काम. खिळे जुळवायचे दिवस मी शेवटी शेवटी पाहिले, मग कॉम्प्युटर आले, चुका तेवढ्याच राहिल्या. आता आमच्या खोलीत दोनच माणसं उरली आहेत. एक मी, आणि एक माझ्याहून म्हातारे, ज्यांना दुपारनंतर दिसत नाही. मला दिसतं, पण दिसलेलं सोडवत नाही. लालबागला मंडळाच्या फलकाखाली उभा राहून मी कार्यकर्त्यांना काना-मात्रा सांगितलेल्या आहेत. हॉटेलात मेनूकार्ड माझ्या हाती लागू नये म्हणून घरचे ते आधीच उचलतात. सवयीचा असा थकवा येतो की तो झोपेने जात नाही. रात्री डोळे मिटले तरी आत ओळी सरकत असतात आणि मी त्या तपासत असतो.

पडदा रंगवल्यामुळे मुलीने दुसऱ्या दिवशी सगळ्या मजकुराची प्रिंट काढून आणली. "हे घे. यावर काय करायचं ते कर," असं म्हणून कागद माझ्या मांडीवर ठेवले. माझी पहिली चूक इथे खरं तर संपायला हवी होती. पण पडद्यावर मजकूर सलग असतो आणि कागदावर पानं असतात. पुढचं सगळं त्या पानांमुळे झालं.

आधी मुलीचं सांगतो. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सगळे विषय सुटले, एक मात्र मागच्या वर्षापासून चिकटून राहिला होता. आमच्या मुंबईत याला केटी म्हणतात. नापास झालेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात जायचं आणि मधेच कधीतरी उतरवायचा. ही केटी दोनदा परीक्षा देऊनही उतरली नव्हती. मंगळवारी तोंडी परीक्षा होती. तिथे स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता.

"या वेळी नाही सुटली तर मी सोडते," ती एका संध्याकाळी म्हणाली होती.

"काय सोडतेस?"

"इंजिनिअरिंग. मला यातलं काही कळत नाही बाबा. बाकीचे विषय पाठ करून सुटले. हा पाठ करून सुटत नाही."

हे ती रडून म्हणाली असती तर मी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या. माझ्याकडे तशा गोष्टी भरपूर आहेत, घरच्यांना त्या पाठ आहेत. पण ती घरातलं दूध संपलं असं सांगावं तशी म्हणाली, आणि उठून कपडे वाळत घालायला गेली. बायको चिमट्यांची पिशवी घेऊन तिच्या मागे गेली. दिवसभर पाचशे माणसांना नाव-वय-पत्ता विचारून आलेल्या बाईकडे संध्याकाळी शब्द फारसे शिल्लक नसतात.

विषय होता जुन्या चिपचा. मी शाळेत होतो त्या काळातली चिप, पण कॉलेजात अजून शिकवतात. तिची लाकडी पेटीतली यंत्रं प्रयोगशाळेत आहेत, पण निम्म्यांची बटणं अडकलेली, म्हणून मुलांना लॅपटॉपवर एम्युलेटर दिला होता. पडद्यावर एका हिरव्या बोर्डाचं चित्र, खाली बटणं, वर लाल आकडे.

"म्हणजे हे यंत्र खरं नाही," मी म्हणालो.

"नाही. पण खरं यंत्र जसं वागलं असतं तसंच हे वागतं."

"म्हणजे सोंग."

"हो. पण चुका खऱ्या असतात."

त्या चिपला काम सांगायची भाषा म्हणजे असेंब्ली. लहान मुलाला एकेक घास भरवावा तसं एकेका ओळीत एकेकच काम सांगायचं. हे उचल. इथे ठेव. एक मिळव. एक घर सरकव. यापलीकडे त्या चिपला काही समजत नाही आणि न सांगितलेलं ती काही करत नाही. मुलीने आजवर गाईडमधले प्रोग्रॅम उतरवून काढले होते. हा पहिलाच तिने स्वतःच्या डोक्याने लिहिला होता. बटण दाबलं की टोकनचा पुढचा नंबर लाल आकड्यांत दिसायचा, आईच्या खिडकीवर दिसतो तसा. शाळा सुटल्यावर ती तिथल्या बाकावर बसून तो नंबर बदलताना बघायची, घरी न्यायला आई मोकळी होईपर्यंत.

प्रिंट घेऊन मी बसलो. बायको आडवी झाली होती. मुलगी कठड्यापाशी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"प्रोग्रॅमला हात लावू नकोस हां बाबा," तिने फोन बाजूला करून सांगितलं. "फक्त वरचं इंग्रजी बघ."

इंग्रजी बघून झालं. बऱ्यापैकी लाल झालं. मग पुढे प्रोग्रॅम होता, आणि नजर काही दारात चपला काढून थांबत नाही. पानाच्या तळाशी एकच ओळ तीनदा आली होती. आरआरसी, आरआरसी, आरआरसी.

"हे तीनदा आलंय," मी ओरडून विचारलं.

"असू दे, ते तसंच असतं."

बरं. मी सोडून दिलं. पान उलटलं. नव्या पानाची पहिली ओळ: आरआरसी.

आता हे मात्र मला कळत होतं. पान उलटताना मागच्या पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर परत येते, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते प्रूफ हातात घेतलं की मजकूर नंतर वाचायचे. आधी सगळ्या पानांचे पाय आणि डोकी तपासायचे. तिने लिहिताना तीनदाच लिहिलं असणार, तीन तिने मान्यही केल्या होत्या. चौथी ओळ छपाईची. प्रोग्रॅमला हात लावू नकोस म्हणजे तिच्या मजकुराला. हा मजकूर कुठे होता, हा तर डाग होता. मी ती ओळ खोडली, समासात वगळण्याची वेलांटी काढली आणि मला खूप दिवसांनी बरं वाटलं. छापखान्यात अलीकडे एवढी स्वच्छ चूक मिळत नाही.

सकाळी ओट्यापाशी चहा उकळत असताना मुलीने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सगळ्या दुरुस्त्या फाइलमध्ये घालून टाकल्या. काय खोडलंय, काय घातलंय, तिने बघितलं नाही. बाबाने लाल केलं की ते बदलायचं, ही सवय तिला चौथीतल्या निबंधांपासूनची. मग तोच दुरुस्त प्रोग्रॅम तिने एम्युलेटरमध्ये पहिल्यांदाच टाकला आणि कॉलेजला गेली.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवता जेवता लॅपटॉपभोवती वाकलो. मुलीने बटण दाबलं. एक. पुन्हा दाबलं. दोन. मला त्या लाल आकड्याचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवायला लागलो होतो. सात. आठ. नऊ.

वीस.

आमटी ओरपण्याचा आवाज येत होता, तो माझाच होता, तो थांबला.

"पुढे दाब," बायको म्हणाली.

एकवीस, बावीस, असं ओळीने एकोणतीसपर्यंत. मग चाळीस. एकोणपन्नासनंतर साठ, मग ऐंशी. आणि ऐंशीचं घर संपल्यावर तर इंग्रजी ए आला आणि त्याच्या शेजारी शून्य.

"माझ्या दहा ते एकोणीस नंबरवाल्यांनी काय करायचं?" बायको म्हणाली. "खिडकी फोडतील."

मुलगी हसली नाही. तिने लॅपटॉप मिटला, भातावर आमटी घेतली आणि खाली बघत जेवली. ताट उचलताना म्हणाली, "मी सांगत होते ना."

शनिवारी सकाळी मैत्रिणीने फोनवर निदान केलं. आकडे उड्या मारतायत म्हणजे घोळ बेरजेत. एक मिळवल्यावर दहाचा हातचा नीट बसवायची एक खास ओळ असते, ती विसरली असणार. मुलीने बघितलं. ओळ होती. बेरजेचा तुकडा तिने पुसला आणि पुन्हा लिहिला. नऊ, वीस. सगळा प्रोग्रॅम फाइलमधून बघून पुन्हा एकदा टाकला. नऊ, वीस. दुपारपर्यंत तिचा चेहरा केसपेपरच्या रांगेतल्या माणसासारखा झाला. ज्याला आपला नंबर लागेल असं वाटेनासं होतं, पण रांगही सोडवत नाही, तसा.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस असतो. मी घरी आलो, पाय धुतले आणि म्हणालो, "आपण वाचून तपासू."

"बाबा, तुला असेंब्ली येत नाही."

"यायला लागत नाही. मला तर संस्कृतही येत नाही, आणि मी स्तोत्रं तपासलेली आहेत."

आमची पद्धत अशी. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट. दुसऱ्याने समोरच्या प्रतीवर बोट ठेवून मिळवायचं. अर्थाकडे कोणीच बघायचं नाही. अर्थाकडे बघितलं की डोळा चुकीचं बरोबर वाचतो. मी मांडी घालून प्रिंट समोर धरली आणि छापखान्यातल्या सुरात सुरुवात केली. मूव्ह, बी, स्वल्पविराम, ए. मुलगी पडद्यावर बोट सरकवत "हं, हं" करत गेली. पहिलं पान संपलं. आरआरसी, हं, आरआरसी, हं, आरआरसी, हं. पान उलटलं. डोक्यावरची ओळ माझ्या हाताने खोडलेली होती. खोडलेलं वाचायचं नसतं. मी पुढची वाचली. हं.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवला. "एकही चूक नाही," मी म्हणालो, आणि मला सांगायला लाज वाटते, पण थोड्या अभिमानाने म्हणालो.

"म्हणजे टायपिंग बरोबर आहे."

"शंभर टक्के."

"म्हणजे चूक माझ्या डोक्यातच आहे," मुलगी म्हणाली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला, राहू दे अशा अर्थाचा, आणि आत जाऊन पडली. त्या क्षणी मी तिला जगातली सगळ्यात जास्त मदत करत होतो अशी माझी समजूत होती.

रविवारी बायकोला सुट्टी. बोंबील झाले, भात झाला, आणि दुपारी सगळं घर आडवं. आमच्या वन रूम किचनमध्ये सगळं घर आडवं होतं म्हणजे चालायला जागा उरत नाही. बायको चटईवर डोळ्यांवर हात घेऊन पडली होती. मी खुर्चीत पेंगत होतो. मुलगी भिंतीला टेकून लॅपटॉपवर एकेक ओळ चालवून बघत होती. एम्युलेटरमध्ये तशी सोय असते. एक बटण दाबलं की एकच ओळ चालते आणि आत कुठे काय झालं ते दिसतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "आत दहाच आहेत."

"कुठे आत?"

"मेमरीत. नवानंतर दहाच होतायत. बेरीज बरोबर आहे. बाहेर दाखवताना वीस दिसतायत."

तिच्या आवाजात दोन दिवसांनी थोडा जीव आला होता. मी सरसावून बसलो. "बाहेर कसं दाखवतात? मला सांग."

"तुला नाही कळायचं."

"नाही कळलं तर नाही कळलं. तू सांग तर."

ती उठली आणि मांडणीवरून आठ वाट्या घेऊन आली. सहा आमच्या आहेराच्या, दोन वेगळ्या, त्यातली एक कुठल्या तरी वास्तुशांतीची. ओळीने मांडल्या. डब्यातून एक शेंगदाणा काढला.

"ही आठ घरं. एक अख्खा नंबर यात मावतो. डावीकडच्या चार वाट्या दशकाच्या, उजवीकडच्या चार एककाच्या. दहामध्ये दशक एक, म्हणून शेंगदाणा इथे." तिने तो डावीकडून चौथ्या वाटीत टाकला. "आता मला दशकाचा आकडा वेगळा दाखवायचाय. त्यासाठी तो उजवीकडच्या चार वाट्यांत आणावा लागतो. सगळ्यात शेवटच्या वाटीचा भाव एक. तिच्या अलीकडची दोन. तिच्याही अलीकडची चार."

"मग दाणा शेवटच्या वाटीत गेला की एक."

"हो. आणि आरआरसी म्हणजे उजवीकडे एक घर. मी इथे एक ओळ चालवते, तू दाणा सरकव."

तिने बटण दाबलं. मी दाणा पाचव्या वाटीत टाकला. पुन्हा दाबलं. सहावी. पुन्हा. सातवी, ती वास्तुशांतीची. पुन्हा दाबलं, मी दाणा उचलला.

"थांब," ती म्हणाली. "ही ओळ सरकवायची नाही. ही बाहेर पाठवायची."

"पण हा अजून पोचला नाही."

आम्ही दोघंही सातव्या वाटीकडे बघत बसलो. शेवटून दुसरी. भाव दोन. दहाचे वीस.

"एक आरआरसी कमी आहे," मुलगी म्हणाली. तिने पडद्यावर मोजलं. "तीनच आहेत. मी चार लिहिले होते." मग अगदी हळू, "नसतील लिहिले. मला काय कळतंय."

मला त्या पानाचं डोकं दिसलं. माझी वेलांटी दिसली, चांगली गोलसर, निवांतपणे काढलेली. बोललो नसतो तर कोणाला कळलंही नसतं. कागद जर्नलच्या पिशवीत होता, प्रोग्रॅम दुरुस्त झाला असता आणि मंगळवार पार पडला असता. तिने फक्त ती चूक आपल्या नावावर घेतली असती, बाकीच्यांच्या शेजारी.

"तू चारच लिहिले होतेस," मी म्हणालो. "चौथा मी काढला."

तिने मान वर केली.

"पानाच्या डोक्यावर होता. मला वाटलं, मागची ओळ परत आलीय."

"मी सांगितलं होतं, प्रोग्रॅमला हात लावू नकोस."

"हो."

"मग?"

"पान उलटलं ना," मी म्हणालो. यापेक्षा बरं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

ती पडद्याकडे वळली, तीन ओळींखाली चौथी लिहिली आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून चालवला. एक, दोन, तीन. नवावर तिचं बोट थांबलं. चटईवरून बायकोने डोळ्यांवरचा हात काढला, म्हणजे ती झोपलेली नव्हतीच.

दहा.

अकरा. बारा. तिने सावकाश एकोणीसपर्यंत दाबत नेलं, एकेकाला नीट बघत. मग वीस, आणि हे वीस दिसायला अगदी तसेच होते. पुढे एकोणतीस, आणि तीस.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, लॅपटॉपशी. "पहिल्यापासून बरोबर होतं." तिने वाटीतला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

राग त्यानंतर आला, आणि तो यायलाच हवा होता. दोन दिवस तिने स्वतःला मठ्ठ समजण्यात घालवले होते आणि मी शेजारी बसून स्वल्पविराम वाचत होतो. "तू सगळ्यांच्या चुका काढतोस," ती म्हणाली, "आणि नसली तर घालतोस." संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी आठही वाट्या घासल्या. घासताना लक्षात आलं की एकाही वाटीत काही नव्हतंच, एक दाणा सोडला तर. तरी घासल्या.

"विरजण," बायको चटईवरून म्हणाली.

"हो, माहीत आहे."

संध्याकाळी मुलीने चहा केला. माझा कप जरा जोरात ठेवला, पण ठेवला. मग जर्नलमधली ती दोन पानं नव्याने छापायला पाठवताना तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तपासायचंय?" मी नाही म्हणालो. तीस वर्षांत समोर आलेला मजकूर वाचल्याशिवाय जाऊ दिल्याचं मला दुसरं आठवत नाही. हात मांडीखाली घेऊन बसलो होतो.

मंगळवारी छापखान्यात माझं लक्ष नव्हतं. एका लग्नपत्रिकेत मी आजोबांना दोनदा निमंत्रक केलं. ते म्हातारे सहकारी, ज्यांना दुपारनंतर दिसत नाही, त्यांनाही दिसलं. घरी आलो तर मुलगी आधीच आलेली, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, कुर्त्याला खडूचे डाग. बायको दारात उभ्याने चहा पीत होती.

"बाहेरून आलेले सर कंटाळले होते," मुलगी म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांनी एकाच गाईडमधले प्रोग्रॅम दाखवले होते. माझा बटण दाबून बारापर्यंत बघितला. मग ओळींवर बोट ठेवून म्हणाले, ही एकच ओळ चारदा का लिहिली? पानावर चुकून आली का?"

"मग?" मी म्हणालो.

"वाट्या नव्हत्या. टेबलावर खडूचे आठ तुकडे मांडले, आणि वर एका पेनाचं टोपण. सरकवून दाखवलं. तीनदा सरकवलं तर वीस कसे होतात तेही दाखवलं. ते म्हणाले, हे कोणी शिकवलं." तिने कुर्त्यावरचा खडू झटकला. "मी म्हटलं, माझं मीच शोधलं."

"बरोबर सांगितलंस."

"सुटेल बहुतेक. आणि नाही सुटली तरी परत बसेन. हे कळतं मला." ती उठली आणि तोंड धुवायला गेली.

मी तिच्या जागेवर, भिंतीला टेकून बसलो. पाय दुखत होते, कारण काही नव्हतं. बायकोला म्हणालो, "तीस वर्षं एक काम केलं, आणि पोरीच्या वेळेला नेमकी बरोबर ओळ खोडली. एकच गोष्ट चारदा कोणी सांगत असेल असं वाटलंच नाही मला."

बायकोने कप ओट्यावर ठेवला.

"मी पंचवीस वर्षं तुम्हाला एकेक गोष्ट चारदा सांगते," ती म्हणाली. "तीनदा सांगून पोचत नाही, हे आता त्या चिपलापण माहीत आहे. उठा, विरजण लावा."